वागा वागा मार्गे दोंडाईचा

रविवारी संध्याकाळी पाच वाजता नाना माझ्याशी फोनवर बोलले. सोमवारी सकाळी सहा वाजता मोठ्या आईचा फोन आला. नाना गेले होते. मी जळगावहून गाडी धरली आणि नऊच्या सुमारास धुळ्याला पोचले.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि मोठी आई ही त्यांची बायको. नाना धुळ्याच्या बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या पुकारणं हे त्यांचं काम. त्या वर्षांत ज्यांनी धुळ्याला गाडी बदलली असेल, त्यांना नाना माहीत नसतील, पण नानांचा आवाज माहीत असणार. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावं’ हे वाक्य ते अशा सुरात म्हणत की लक्ष न देणाऱ्याला चुकल्यासारखं वाटे. केबिनच्या खिडकीशी दिवसभर ‘ओ नाना’, ‘ओ नाना’ अशा हाका चालत आणि दर हाकेला नाना मान वर न करता ‘ओ’ देत. निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नाही. मोबाईल आला तरी ते कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. आपण ‘नाना?’ म्हणायचं, पलीकडून ‘ओ’ यायचं, मग बोलणं सुरू.

आमचा दोघांचा एक खेळ होता. दर रविवारी पाच वाजता फोन करायचा आणि जगातल्या एका गावाचं नाव द्यायचं. नाव खरं हवं, नकाशात सापडणारं हवं आणि ऐकल्यावर माणसाला हसू आलं पाहिजे. एका रविवारी त्यांनी द्यायचं, पुढच्या रविवारी मी. समोरच्याने आठवड्याभरात ते गाव कुठे आहे ते शोधायचं. एकदा दिलेलं नाव पुन्हा चालत नसे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे साधनं माझ्याकडे जास्त होती, तरीही हरण्याचं प्रमाण माझंच जास्त. त्या शेवटच्या रविवारी नाव द्यायची पाळी नानांची होती. ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण ते फारच थोडं होतं.

“नाना?” मी म्हणाले.

“ओ.”

“तब्येत बरी ना? रावेरहून सासरची केळी पाठवली होती, मिळाली का?”

“पोचली. बरी आहेत.”

“आणि नाव?”

“दिलं की.”

“कधी दिलंत?”

“दिलं. नीट आठव. आठवडा आहे तुझ्याकडे...” असं म्हणून ते हसले आणि फोन ठेवला.

सोमवारी गाडीत बसल्यावर पारोळ्यापर्यंत मी रडले. पारोळ्याच्या पुढे माझ्या लक्षात आलं की मी रडत नाहीये, मनाशी ‘बरी, बरी’ म्हणते आहे. बरी नावाचं एक शहर इटलीत आहे. पण ते आम्ही केव्हाच नोंदवलं होतं आणि नाना नियम मोडणारे नव्हते. मग ‘पोचली’? ‘आठव’? गाडीच्या खिडकीला डोकं टेकून, सख्खा माणूस गेलेला असताना, मी कोडं सोडवत बसले होते. स्वतःची लाज वाटली. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. त्यांनी मला नाव दिलं होतं, मला ते ऐकू आलं नव्हतं आणि आता पुन्हा विचारायची सोय नव्हती.

घरी गर्दी होती. मोठी आई भिंतीला टेकून बसली होती. मला जवळ ओढून म्हणाली, “झोपमाच ग्यात. पहाटे घोरनं बंद जयं, म्हनीसन माले जाग उनी.” चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती त्या घोरण्याला नावं ठेवत आली होती. ते थांबल्यामुळे जागं व्हावं लागेल असं तिला कधी वाटलं नसणार. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्या गर्दीत आम्हा दोघींना एकदमच हसू फुटलं. बाकीच्यांनी ते रडणं समजून आमच्या पाठीवरून हात फिरवला. आम्ही का हसलो ते कळायला आमच्या गावाचं नाव माहीत असावं लागतं.

आमचं गाव घोरखेडे. शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईच्याच्या अलीकडे, सडकेपासून आत. हे नाव कशावरून पडलं ते कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतं घोरपडीवरून, कोणी म्हणतं इथे पूर्वी घोर जंगल होतं. मी गावात चौथीपर्यंत शिकले आणि पाचवीला नानांकडे धुळ्याला आले. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी एकेकाला उभं करून नाव आणि गाव विचारलं. मी गाव सांगितलं. मागच्या बाकावरून एक लांबलचक घोरण्याचा आवाज आला. त्याला दुसऱ्याने साथ दिली. पाहता पाहता सगळा वर्ग घोरू लागला आणि बाई, ज्यांनी ओरडायला हवं होतं, त्यांनी पदर तोंडाला लावला. पुढचे आठ दिवस मी वर्गात पाऊल टाकलं की वर्ग घोरायचा.

आठव्या दिवशी मी दप्तर टाकून ओट्यावर रडत बसले. नाना ड्यूटीवरून आले. त्यांनी माझं असं सांत्वन केलं नाही की नावात काय असतं वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कितीजण घोरतात ते विचारलं आणि म्हणाले, “मी नोकरीला लागलो तेव्हा अख्खा डेपो घोरायचा. ड्रायव्हर घोरायचे, कंडक्टर घोरायचे. माझ्या लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा तुझ्या मोठ्या आईच्या वडिलांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?”

आतून मोठी आई म्हणाली, “इचारं तरी काय उपेग जया?”

मोठी आई सोनगीरची. हायवेवरचं गाव, वर किल्ला, खाली तांब्यापितळेच्या भांड्यांची दुकानं. आपल्या माहेरच्या नावात सोनं आहे आणि सासरच्या नावात घोरणं, हा हिशेब ती कोणालाही न विचारता सांगत असे.

नानांनी मग फडताळातून एक जाडजूड इंग्रजी अ‍ॅटलास काढला. रद्दीच्या दुकानात वजनावर मिळालेला, पाठ उसवलेला. त्यांनी आफ्रिकेचं पान उघडलं आणि एका देशावर बोट ठेवलं. “वाच.” मी इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं. चाड. “ह्या देशाचं नाव आहे चाड. आणि आपण लोकांना म्हणतो, तुला काही चाड आहे की नाही.” मग हिंदी महासागरात उतरले. “मालदीवची राजधानी. वाच.” मी वाचलं, माले. आमच्या अहिराणीत ‘माले’ म्हणजे ‘मला’. मी रडता रडता हसले. नाना म्हणाले, “आता समज, एक माणूस घोरखेडेना आणि एक त्या बेटावरना. हा त्याले इचारस, कोठे जानं शे भाऊ? तो म्हनस, माले. अरे, तुलेच इचारी राहिनू. तो म्हनस, हा, माले. दोन्ही इमानतळवरच म्हातारा व्हतीन.”

त्या संध्याकाळी जेवणं होईपर्यंत आम्ही जग पालथं घातलं. ऑस्ट्रेलियात एक गाव सापडलं, त्याच्या नावात एकच शब्द दोनदा. खरा उच्चार काय असेल तो असो, पण नानांचा नियम असा की इंग्रजी अक्षरं आपल्याला सोयीची वाटतील तशी वाचायची. आम्ही ते वाचलं, वागा वागा. दुसऱ्या दिवशी वर्ग घोरायला लागला तशी मी उभी राहिले आणि बाईंना म्हणाले, “बाई, ऑस्ट्रेलियात वागा वागा नावाचं गाव आहे. आमच्या नानांच्या अ‍ॅटलासमध्ये आहे.” मी एवढंच म्हणाले. पण वर्गाला नवीन खाद्य मिळालं. महिनाभर पोरं एकमेकांना ‘वागा, वागा’ म्हणत होती आणि बाईंनी तर ते उचललंच. वर्गात दंगा झाला की त्या टेबलावर छडी आपटून म्हणत, “ऑस्ट्रेलिया.” वर्ग म्हणे, “वागा वागा,” आणि गप्प बसे. घोरखेडे मागे पडलं.

पण खेळ राहिला. नानांनी डेपोतून वेळापत्रकाची एक कोरी वही आणली होती. तिच्यात छापील रकाने होते : मार्ग, गाडी सुटण्याची वेळ, शेरा. मार्गाच्या रकान्यात गावाचं नाव लिहायचं, वेळेच्या रकान्यात देश आणि शेऱ्याच्या रकान्यात शेरा. सापडलेल्या गावाची नोंद, ज्याने शोधलं त्याने करायची. मी नोकरीसाठी जळगावला गेल्यावर वही धुळ्यालाच राहिली, पण मी गेले की माझ्या नोंदी करून येई. शेरे लिहिताना नाना अगदी सरकारी भाषा वापरत. दिली, पूर्व तिमोर. शेरा : कोणी, कोणाला, केव्हा, याचा उल्लेख नाही. नाडी, फिजी. शेरा : घट्ट बांधून प्रवास करावा. आबा, नायजेरिया. शेरा : नमस्कार सांगावा. टिटिकाका हे दक्षिण अमेरिकेतलं सरोवर, त्याच्यापुढे नुसतं ‘वडीलधारे’ असं लिहिलेलं आहे. वेल्समधल्या त्या अठ्ठावन्न अक्षरी गावाला दोन ओळी लागल्या आणि शेरा पडला, ‘पुकारून होईपर्यंत गाडी सुटलेली असेल.’ अमेरिकेत ‘का’ अशा अर्थाच्या नावाचं एक गाव आहे. नानांनी त्याचं अहिराणी करून ‘काबर’ असं लिहिलं. शेरा : तेथील लोकांनाच विचारावे. नॉर्वेतल्या एका गावाच्या नावाचा इंग्रजीत अर्थ होतो नरक. तिथे रेल्वे स्टेशन आहे आणि हिवाळ्यात थंडी कडाक्याची असते. शेरा : आरक्षणाची गरज नाही, आपोआप मिळते.

परदेशाचंच कौतुक होतं असं नाही. आपल्याकडच्या दोंडाईच्यावर त्यांचं विशेष प्रेम. आयुष्यभर दिवसातून वीस वेळा त्यांनी ते नाव पुकारलं असेल. ते म्हणत, “जगात असं गाव नाही. बाकीची गावं नाव सांगून मोकळी होतात. हे नुसतं म्हणतं, दोंडाईचा. दोंडाईचा काय? मुलगा? बैल? वाडा? कोणी विचारलंच नाही. षष्ठीत अडकून बसलंय बिचारं.” निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना म्हटलं, नाना, आज शेवटची गाडी तुम्हाला वाटेल तशी पुकारा. नानांनी माइक जवळ घेतला, घसा साफ केला आणि रोजच्याच सुरात म्हणाले, “प्रवाशांनी लक्ष द्यावं. माले, टिटिकाका, वागा वागा मार्गे दोंडाईचा ही गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.” मी आणि मोठी आई त्यांना न्यायला गेलो होतो, केबिनबाहेर उभ्या होतो. फलाटावर कोणी हसलं नाही. लोक पिशव्या उचलून तीन नंबरकडे चालू लागले. फक्त एक टोपीवाले बाबा खिडकीशी आले.

“ओ नाना, गाडी वागा वागाले थांबी का?”

“ओ. तुमले कोठे जानं शे?”

“नरडानाले.”

“मग थांबी,” नाना म्हणाले, “बसा.”

माझं लग्न ठरलं ते रावेरला. केळी पिकवणारं घर. बोलणी करायला नाना आले होते. कॉलेजात असताना मी माझं गाव ‘शिंदखेड्याजवळ’ असं सांगायला शिकले होते. बैठकीतही मी तेच सांगितलं. नानांनी शांतपणे दुरुस्ती केली, “घोरखेडे. लग्नपत्रिकेत नीट छापा, ‘घ’ला काही करू नका.” मग माझ्या अवघडलेल्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी विषय बदलला, म्हणजे जगाच्या नकाशावर नेला. माझ्या सासऱ्यांना, आप्पांना ते म्हणाले, “अमेरिकेत एक गाव आहे, बोरिंग.”

आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. “बोरिंग? मंग पानी किती फुटावर लागलं?”

“तसं नाही आप्पा. इंग्रजीत बोरिंग म्हणजे कंटाळवाणं.”

“कोरडं गेलं असंल,” आप्पा म्हणाले. “आमच्याकडं चार कोरडे गेले. मानूस कंटाळतोच.”

नाना पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगत. वहीत बोरिंगपुढे त्यांनी शेरा लिहिला आहे, ‘पाणी लागल्याचे कळवावे. रावेरला चौकशी आहे.’

तीन वर्षांपूर्वी मात्र ही गंमत एकदम अंगावर आली. घोरखेड्याच्या ग्रामसभेत गावाचं नाव बदलायचा विषय निघाला. विषय मांडणारी तरणी मुलं होती आणि त्यांचं दुःख खोटं नव्हतं. मुलींकडचे लोक फोनवर गाव ऐकतात आणि विचारतात, मुलगा घोरतो का. दोन ठिकाणी तर तेवढ्यावर हसण्यात गोष्ट संपली होती. नानांना कळलं तसं त्यांनी मला जळगावहून बोलावून घेतलं. वही पिशवीत घालून आम्ही दोघं आणि मोठी आई गावात गेलो. पाराजवळ सतरंज्या टाकल्या होत्या. नाना उभे राहिले. मी त्यांना आयुष्यभर माइकवर ऐकलं होतं, सभेत बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी वही उघडून वाचायला सुरुवात केली. नरकाची पाटी लागलेल्या स्टेशनावर फोटो काढायला लोक देशोदेशींहून येतात. स्कॉटलंडात ‘नीरस’ अशा अर्थाचं एक खेडं आहे, त्याने अमेरिकेतल्या त्या कंटाळवाण्या गावाशी सोयरीक केली आहे. कोणीही नाव बदललं नाही. लोक हसत होते, पण हसून झाल्यावर एक मुलगा उठला. “नाना, त्या बठ्ठा गोऱ्या लोकेसन्या गोष्टी शेतस. आमनं लगीन व्हई नही राहिनं, त्यानं काय?”

नानांनी वही मिटली. ते म्हणाले, “मी बी घोरखेडेनाच शे. मनं लगीन सोनगीरनी पोरशी जयं. तिलेच इचारा.”

सगळ्या सभेने बायकांच्या बाजूला पाहिलं. मोठ्या आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. “घोरतस ते,” ती म्हणाली. “गाव बदलीसन बंद व्हई का?”

त्या हशात ठराव निम्मा वाहून गेला. उरलेला निम्मा नानांनी नाही, गावानेच बुडवला. कारण नवीन नाव काय, यावर एकमत होईना. वरच्या आळीला आनंदनगर हवं होतं, खालच्या आळीला सुंदरखेडे. मग कोणीतरी विचारलं की सातबारा, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक हे सगळं बदलायला तालुक्याला हेलपाटे कोण घालणार. विषय पुढच्या सभेवर गेला तो अजून तिथेच आहे. परतीच्या गाडीत नाना खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “त्या पोराचं खरं आहे गं. आपण हसून घेतलं, त्याला हसता येत नाही अजून.” त्यानंतर त्यांनी त्या मुलाचं स्थळ म्हणून धुळ्यात चार घरी शब्द टाकला. एका घरी जमलं. त्या लग्नात नाना सगळ्यात पुढे बसले होते. मुलीच्या वडिलांना म्हणाले, “घोरतो की नाही ते मी पाहून घेतलं आहे.” पाहिलेलं काहीच नव्हतं.

असे नाना. आणि त्यांनी दिलेलं शेवटचं नाव माझ्याकडून हरवलं होतं.

तेराव्यापर्यंत मी धुळ्यालाच राहिले. आठवडा संपला तो रविवार मधेच येऊन गेला. पाच वाजता मी गच्चीवर जाऊन उभी राहिले, उत्तर नव्हतं. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि मोठी आई लसूण सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं की शेवटच्या दिवसांत नाना काय करत होते.

“काय करतीन? शनवारले दिवसभर त्या फोनलेच हाका मारेत.”

“म्हणजे?”

मग तिने सांगितलं. नानांनी अ‍ॅटलासमध्ये चष्मा घालून काहीतरी पाहिलं. मग ते तिच्याकडे मोबाईल घेऊन आले, कारण अक्षरं फार बारीक होती. ह्याचा उच्चार ऐकायचा आहे, ते भोंग्याचं चित्र दाब, म्हणाले. तिने दाबलं. फोन बोलला. नानांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी तिला ते दहादा दाबायला लावलं. ते फोनसमोर तोंड नेऊन म्हणायचे, “ओ नाना.” ती दाबायची. फोन म्हणायचा...

“काय म्हणायचा?”

“ओ,” मोठी आई म्हणाली. “दुसरं काय म्हनी? जसा ते म्हनेत तसाच. ओ.”

मी हातातला लसूण ठेवला आणि उठले. अ‍ॅटलासच्या मागची सूची मी ओ या अक्षराशी उघडली आणि बोट लावून ओळीन् ओळ खाली गेले. नाना सापडलेल्या नावापुढे डेपोतल्या लाल पेन्सिलीने खूण करत. तिथे नवीन खूण नव्हती. आमच्या कामात एक साधा धडा असतो : नोंद सापडत नसेल तर सूची पहिल्यापासून वाचावी. मी पहिलं पान उघडलं. वर मोठ्या टायपात इंग्रजी ए हे अक्षर, विभागाचं शीर्षक. त्याच्या खाली पुन्हा ए हेच अक्षर, लहान टायपात. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी ते पान हजारदा उघडलं असेल आणि दर वेळी ते दुसरं अक्षर शीर्षकाचाच भाग समजून ओलांडलं असेल. त्याच्या डोक्यावर एक बारीकसं वर्तुळ आहे. पुढे लिहिलं आहे, नॉर्वे. आणि त्याच्यापुढे लाल खूण, ताजी.

एका अक्षराचं गाव. लिहितात ए, वर टिकलीएवढं वर्तुळ, आणि वाचतात ओ. मी नंतर शोधलं ते एवढं : उत्तर नॉर्वेत समुद्रातल्या बेटांच्या रांगेत अगदी टोकाला हे गाव आहे. मासेमारांचं. नावाचा अर्थ ओढा. हायवे तिथे जाऊन संपतो आणि बसही तिथपर्यंतच जाते. येणारे लोक गावाच्या नावाची पाटी चोरून नेतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा लावावी लागते.

मी फोन उचलून ‘नाना?’ म्हटलं आणि त्यांनी नाव दिलं. नेहमीसारखं. माझ्या कानांना ती फक्त ओ वाटली. ते खरंच बोलले होते, ‘दिलं की.’

मी आतल्या खोलीत जाऊन वही काढली. नोंद शोधणाऱ्याने करायची असते, म्हणून मी लिहिली. मार्ग : ओ. देश : नॉर्वे. शेऱ्याशी बराच वेळ थांबले. मोठी आई मागे येऊन उभी राहिली होती. तिला वाचता येतं, पण तिने ही वही कधी हातात घेतली नव्हती. म्हणाली, “काय लिखं?” मी सांगितलं. ती वहीवर वाकली आणि म्हणाली, “सोनगीर लिखं शे का त्यामा?”

नव्हतं लिहिलेलं. नानांच्या नियमात सोनगीर बसत नव्हतं, त्या नावाला कोणी हसत नाही. “काबर?” ती म्हणाली. मी म्हणाले, “ते गाव अमेरिकेत आहे, मोठी आई.” तिला काही कळलं नाही, पण मला हसताना पाहून तीही हसली. शेऱ्याचा रकाना मी कोराच ठेवला.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. मी जळगावला परत आले आहे, ग्रंथालय सुरू आहे. अ‍ॅटलास मी आणला, वही मोठ्या आईकडे ठेवून आले. नानांचा मोबाईल आता ती वापरते. रविवारी पाच वाजता फोन वाजतो तेव्हा माझ्याकडे नानांचंच नाव उमटतं, ते मी बदललेलं नाही. पहिल्या रविवारी माझ्या तोंडून सवयीने ‘नाना?’ असं निघून गेलं आणि मी जीभ चावली. पलीकडून मोठी आई म्हणाली, “ओ.” आणि लगेच, “लिख. सोनगीर.”

मी नियमाप्रमाणे आठवडाभराची मुदत मागून घेतली. पुढच्या रविवारी उत्तर दिलं, धुळ्याजवळ. वही तिच्याकडे, म्हणून नोंद तिनेच केली. शेरा तिने स्वतःच लिहिला, तो मला वाचून दाखवत नाही.

वहीत आता अकरा ओळी उरल्या आहेत.